पालेमबांगच्या छावणीतील स्त्रियांचा स्वरवृंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याच्या कैदेत असलेल्या स्त्रियांनी सुमात्रा बेटावर एक स्वरवृंद, म्हणजे वाद्यवृंदाच्या रचना केवळ आवाजाने गाणारा गट, उभा केला होता. साताऱ्यातील आमचा महिला गायनगट त्यावर निवेदन आणि गायन असा कार्यक्रम करतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महिला मंडळे, शाळा आणि माजी सैनिकांच्या संघटना यांच्याकडून कार्यक्रमाआधी आणि नंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

हा स्वरवृंद कोठे आणि केव्हा उभा राहिला?

दक्षिण सुमात्रातील पालेमबांग या शहरात. हा भाग तेव्हा डच वसाहतीत होता, आज तो इंडोनेशियात आहे. पहिली मैफल २७ डिसेंबर १९४३ रोजी झाली आणि तीत तीस स्त्रिया गायल्या.

या स्त्रिया तेथे कशा अडकल्या?

सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पडले. त्याआधीच्या काही दिवसांत स्त्रिया, मुले आणि जखमी यांना मिळेल त्या जहाजात बसवून बाहेर काढण्याची धडपड चालू होती, आणि त्यांतील बरीचशी जहाजे बांका बेटाजवळच्या समुद्रात जपानी विमानांनी व युद्धनौकांनी बुडवली किंवा पकडली. 'व्हायनर ब्रुक' हे त्यांपैकीच एक. त्यावर इतर प्रवाशांबरोबर ऑस्ट्रेलियन लष्करी परिचर्या सेवेतील ६५ परिचारिका होत्या. १४ फेब्रुवारीला ते बुडाले आणि १२ परिचारिका समुद्रातच गेल्या. पोहत, तराफ्यांना धरून ज्या बांका बेटावर पोहोचल्या, त्यांपैकी २२ जणींना १६ फेब्रुवारी रोजी राडजीच्या किनाऱ्यावर पाण्यात चालत जायला लावून पाठीमागून मशीनगनने गोळ्या घालण्यात आल्या. त्यातून व्हिव्हियन बुलविंकेल ही एकटी परिचारिका वाचली. ती नंतर आपल्या सोबतिणींच्याच छावणीत दाखल झाली, पण आपण काय पाहिले हे बाहेर फुटले तर आपल्याबरोबर त्यांचाही जीव जाईल हे ओळखून त्या सगळ्यांनी ही गोष्ट युद्ध संपेपर्यंत पोटात ठेवली.

छावणीतील डच स्त्रिया मात्र मुळातच सुमात्रात राहणाऱ्या होत्या. मळेवाले, तेल कंपन्यांतील अधिकारी आणि सरकारी नोकर यांच्या कुटुंबांतील या बायकांना मुलाबाळांसह घराबाहेर काढून छावणीत कोंडण्यात आले. ख्रिस्ती जोगिणी (नन) होत्या, शिक्षिका होत्या, आयुष्यात कधी चूल न पेटवलेल्या मेमसाहेबही होत्या.

त्यांना युद्धकैदी म्हणणे बरोबर आहे का?

हा प्रश्न बहुधा माजी सैनिकांकडून येतो आणि तो रास्त आहे. काटेकोरपणे पाहिले तर छावणीतील बहुसंख्य स्त्रिया शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून स्थानबद्ध होत्या. ऑस्ट्रेलियन परिचारिका मात्र लष्कराच्या सेवेत होत्या आणि त्यांचा युद्धकैदी म्हणवून घेण्याचा हक्क निर्विवाद होता, पण जपानी अधिकाऱ्यांनी त्यांनाही नागरिकांतच धरले. युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, परंतु त्याला अंतिम मान्यता दिलेली नव्हती. प्रत्यक्ष वागणुकीत दोन्ही गटांच्या वाट्याला तोच मूठभर तांदूळ आणि तीच मारहाण आली, म्हणून निवेदनात आम्ही दोघींसाठी 'कैदी' एवढेच म्हणतो.

मार्गारेट ड्रायबरा आणि नोरा चेंबर्स कोण होत्या?

मार्गारेट ड्रायबरा यांचा जन्म १८९० साली इंग्लंडमधील संडरलंड येथे झाला. प्रेस्बिटेरियन मिशनच्या शिक्षिका म्हणून त्या प्रथम चीनमध्ये व नंतर सिंगापुरात राहिल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या, साध्यासुध्या बाईंची स्मरणशक्ती विलक्षण होती आणि छावणीतील प्रार्थना, वाढदिवसाच्या कविता, नाट्यप्रवेश अशा सगळ्या गोष्टींत त्यांचा हात असे. छावणीतच त्यांनी एक प्रार्थनागीत लिहून त्याला चाल लावली. ५ जुलै १९४२ च्या प्रार्थनेत ते प्रथम गायले गेले आणि पुढे दर रविवारी म्हटले जाऊ लागले. आजही या कैद्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमांत ते गायले जाते.

नोरा चेंबर्स वयाने बऱ्याच लहान. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये त्या व्हायोलिन शिकल्या होत्या आणि इंजिनिअर असलेल्या पतीबरोबर मलायात राहत होत्या. वाद्यवृंदात बसण्याचा अनुभव असल्यामुळे एकत्र वाजणारे आवाज कानाने वेगळे काढण्याची सवय त्यांना होती. आठवणारा एक आणि घडवणारा एक, अशी ही जोडी जमली. दोघींपैकी एकीने हे काम तडीस नेले असते असे आम्हांला वाटत नाही.

वाद्ये नव्हती, छापील स्वरलेखन नव्हते. मग वाद्यवृंदाच्या रचना गायल्या कशा?

येथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण हा प्रकार आपल्याकडील समूहगानासारखा नाही. आपल्या समूहगानात बहुतेक वेळा सगळे जण एकच चाल एका सुरात गातात. या स्त्रियांनी आवाजांचे चार भाग केले होते. दोन उंच पट्टीचे आणि दोन खालच्या पट्टीचे. एकाच क्षणी चारही भाग वेगवेगळे स्वर लावत, आणि ते चार स्वर मिळून जो एकत्रित नाद निर्माण होई त्यातून व्हायोलिन, सनई जातीची वाद्ये, कधी पियानो यांचा भास व्हायचा. म्हणजे एका भागातील बाईला स्वतःची ओळ अशी पाठ असावी लागते की शेजारीण दुसराच स्वर लावत असताना तिचा सूर ढळता कामा नये. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे सुरुवातीला फार जड जाते.

या रचना ड्रायबराबाईंनी आठवून लिहून काढल्या. पियानोवर दहा बोटांनी किंवा साठ-सत्तर वादकांनी वाजवायची रचना आठवायची, तिच्यातील काय ठेवायचे आणि काय सोडायचे ते ठरवायचे आणि स्त्रियांच्या आवाजाच्या मर्यादेत ते बसवायचे, हे काम नोराबाईंच्या साथीने झाले. कागद दुर्मीळ होता. मिळेल त्या कागदावर हाताने रेघा आखून प्रती काढाव्या लागत. अशा रीतीने तीस रचना तयार झाल्या. ड्वोराक, बेथोव्हेन, ब्राम्स, शोपॅन, मेंडेल्सन, ग्रीग, देब्युसी या संगीतकारांच्या रचना त्यांत होत्या.

त्यांनी शब्द का गायले नाहीत?

मूळ रचनाच वाद्यांच्या होत्या, हे पहिले कारण. दुसरे कारण छावणीतले. इंग्रज, ऑस्ट्रेलियन आणि डच बायकांत भाषेचा अडसर होता आणि अन्नावरून, जागेवरून, कामावरून कुरबुरीही होत्या. इंग्रजी गाणे घेतले असते तर डच बायका पाहुण्या ठरल्या असत्या, डच घेतले असते तर उलट झाले असते. 'ऊ', 'आ', 'ला' अशा उच्चारांत कोणाचीच मक्तेदारी नव्हती. आलाप ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या श्रोत्यांना शब्दांवाचून गाणे परके वाटत नाही, असा आमचा अनुभव आहे. उलट शब्द असलेल्या प्रार्थनागीतापेक्षा हेच भाग त्यांना जवळचे वाटतात.

जपानी पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले नाही का?

पहिल्या मैफलीला अडवण्याचा प्रयत्न झाला होता. जमाव करण्यास मनाई होती. उपासमारीमुळे फार वेळ उभे राहणे शक्य नसल्याने गायिका लहान स्टुलांवर बसल्या होत्या आणि श्रोत्यांकडे पाठ करून नोराबाई संचालन करीत होत्या. ड्रायबराबाईंनी आरंभी श्रोत्यांना सांगितले होते की आपण एखाद्या मोठ्या संगीतगृहात बसलो आहोत अशी कल्पना करा. गाणे सुरू झाल्यावर एक पहारेकरी ओरडत, संगीन रोखून पुढे आला. नोराबाई थांबल्या नाहीत आणि गायिकांनीही सूर सोडला नाही. तो जागीच उभा राहिला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला.

या प्रसंगावरून काही श्रोते 'संगीताने शत्रूचेही मन पालटले' असा निष्कर्ष काढतात. तेवढे मात्र घडले नाही. पहारेकरी पुढेही गाणे ऐकायला येत, आणि त्याच छावणीत थप्पड मारणे, तासन्‌तास उन्हात उभे करणे आणि औषधे अडकवून ठेवणे हेही चालूच राहिले.

ड्वोराकची जी रचना तुम्ही गाता, ती भूप रागासारखी का वाटते?

पहिल्या मैफलीतील ही रचना १८९३ सालच्या 'नव्या जगातून' या नवव्या सिंफनीतील (वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेतील) संथ भाग आहे. औंधच्या एका जाणत्या श्रोत्यांनी आम्हांला हेच विचारले होते. मूळ वाद्यवृंदात तिचा षड्ज आपल्या हार्मोनियमवरील काळी एकला येतो आणि मुख्य चाल सरगममध्ये लिहिली तर अशी दिसते : ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. मध्यम नाही, निषाद नाही, त्यामुळे कान लगेच भूपाकडे धावतो. पण पुढच्याच ओळीत ध सां सां, नी प ध असे येते आणि शुद्ध निषादाने भूप मोडतो. शिवाय खाली दुसरे आवाज सतत बदलते स्वर धरून असतात, म्हणून एका रागात ती बसत नाही. तरीही ज्यांनी ही चाल पूर्वी कधीच ऐकली नाही अशा आपल्याकडील बायकांना ती पटकन उचलता येते, त्याचे श्रेय त्या पहिल्या ओळीला आहे. कार्यक्रमाची सुरुवात आम्ही तिनेच करतो.

भुकेने खंगलेल्या बायकांना गाण्यातून बळ कसे मिळाले असेल?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे जे उत्तर श्रोत्यांना अपेक्षित असते ते आम्ही देत नाही. 'संगीत हे औषध आहे' हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण छावणीत मलेरिया आणि आमांश होता, क्विनीन नव्हते, आणि सुराने कोणाचा ताप उतरला नाही.

आमच्या समजुतीप्रमाणे बळ आले ते मेहनतीतून. लाकूड फोडणे, पाणी वाहणे, मैला उपसणे, भाताचे पीठ करणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे अशी कामे उरकून या बायका सरावाला बसत. छावणीतील बाकीचे प्रत्येक काम पोटासाठी होते किंवा हुकमावरून होते. गाणे एवढेच असे होते की ते चुकले तर कोणी मारणार नव्हते आणि तरीही ते चुकू नये म्हणून त्या एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटीत होत्या. दुसऱ्या उंच आवाजातील एखादी बाई आजारी पडली तर तिची जागा रिकामी जाणवे, म्हणजे तिची कोणाला तरी गरज होती. मोजणीत ती केवळ एक आकडा होती, पण स्वरवृंदात तिच्यावाचून एक स्वर उणा पडत होता. हे आम्हांला वाचून जेवढे समजले त्याहून अधिक चार भागांत गायला बसल्यावर समजले, कारण अशा गाण्यात दुसरीच्या आवाजाआड लपता येत नाही.

आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणत, तेव्हा दळण हलके होत नसे, ते तेवढेच जड राहत असे. फक्त दळणारीच्या मनातले बोलायला जागा मिळत असे. पालेमबांगच्या गाण्याकडे आम्ही काहीसे त्याच नजरेने पाहतो. फरक एवढाच की तेथे शब्दांऐवजी शिस्त होती.

श्रोत्यांचे काय, असाही प्रश्न येतो. ऑस्ट्रेलियन परिचारिका बेटी जेफ्री या स्वरवृंदात गात होत्या आणि त्यांनी जिवावर उदार होऊन लपवून ठेवलेली रोजनिशी युद्धानंतर प्रसिद्ध झाली. अशा लेखनातून दिसते की मैफलीच्या संध्याकाळी बायका त्यातल्या त्यात बरे कपडे घालत आणि पुढचे कित्येक दिवस त्या सुरांवर बोलत. भाताखेरीज बोलायला दुसरा विषय मिळणे ही तेथे लहान गोष्ट नव्हती.

हे गाणे बंद का पडले?

गायिका मरू लागल्या म्हणून. १९४४ च्या उत्तरार्धात कैद्यांना बांका बेटावरील मुंटोक येथे हलवण्यात आले आणि तेथे तापाने एकामागून एक बळी घेतले. पुढे १९४५ च्या वसंतात त्यांना पुन्हा सुमात्रात, लुबुकलिंगाऊजवळच्या बेलालाऊ या रबराच्या मळ्यात आणले. तो बोटीचा आणि रेल्वेचा प्रवास अनेकींना सोसला नाही. मार्गारेट ड्रायबरा २१ एप्रिल १९४५ रोजी, तेथे पोहोचल्यानंतर थोड्याच दिवसांत वारल्या. तोपर्यंत मूळ स्वरवृंदातील निम्म्याच्या आसपास स्त्रिया गेल्या होत्या आणि उरलेल्यांच्या अंगात श्वास पुरवण्याइतकेही त्राण नव्हते. युद्ध संपल्याचे कैद्यांना २४ ऑगस्ट १९४५ रोजी सांगण्यात आले. छावणीत गेलेल्या ३२ ऑस्ट्रेलियन परिचारिकांपैकी आठ तेथेच मृत्यू पावल्या आणि २४ मायदेशी परतल्या. नोरा चेंबर्स वाचल्या, १९८९ पर्यंत जगल्या.

नाझींच्या ऑशविट्झ छावणीतही बायकांचा वाद्यवृंद होता. ही गोष्ट तशीच आहे का?

नाही, आणि दोन्ही एका माळेत ओवू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऑशविट्झच्या बिरकेनाऊ या भागातील स्त्रियांचा वाद्यवृंद १९४३ साली छावणीच्या प्रशासनाच्या हुकमाने उभा राहिला. त्यात खरी वाद्ये होती. कामावर जाणाऱ्या आणि थकून, कधी मृत सोबतिणींना वाहून परतणाऱ्या कैद्यांच्या रांगा तालात चालाव्यात म्हणून फाटकाशी कवायतीच्या धून वाजवणे हे त्यांचे मुख्य काम होते. ऑगस्ट १९४३ पासून या वाद्यवृंदाचे नेतृत्व आल्मा रोझे या व्हिएन्नाच्या व्हायोलिनवादिकेकडे होते. संगीतकार गुस्ताव माहलर हे तिचे मामा. तिने अतिशय कडक शिस्तीने सराव घेतला, कारण वाद्यवृंद चांगला वाजला तरच वादक जिवंत राहतील हे तिला कळत होते. ती स्वतः एप्रिल १९४४ मध्ये आजारपणात गेली, पण तिच्या हाताखालच्या बहुतेक वादक स्त्रिया वाचल्या. चेलो वाजवणाऱ्या अनिता लास्कर-वॉलफिश यांनी पुढे अनेक वर्षे याविषयी जाहीरपणे सांगितले.

येथे संगीताने खरोखर जीव वाचवले, हे विसरता येणार नाही. पण ते कोणाच्या हुकमाने आणि कोणासाठी वाजत होते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रांगेतील कैद्यांपैकी अनेकांना त्या धून म्हणजे छळाचाच भाग वाटत असत. पालेमबांगमध्ये याच्या उलट होते. तेथे गाण्याबद्दल जास्त भात मिळत नव्हता, कामात सूटही नव्हती, आणि काय गायचे हे त्यांचे त्या ठरवत होत्या.

रावेन्सब्रुक या नाझींच्याच स्त्रियांच्या छावणीतील एक उदाहरण मात्र पालेमबांगच्या जवळ जाते. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ जेर्मेन तिय्यों यांनी १९४४ साली एका खोक्यात लपून, सोबतिणींच्या आडोशाने, कैद्यांच्या हालांवरच एक विनोदी संगीतिका लिहिली. चाली लोकांच्या ओठांवरच्या, शब्द नवे. ती रंगमंचावर संपूर्ण रूपात यायला २००७ साल उजाडावे लागले. आपल्याकडील शाहिरी जलशांची परंपरा माहीत असलेल्यांना या तंत्राचे नवल वाटणार नाही.

आझाद हिंद सेनेच्या राणी झाशी पलटणीशी या स्त्रियांचा काही संबंध होता का?

नाही. कॅप्टन लक्ष्मी यांच्या नेतृत्वाखालील त्या पलटणीचे शिबिर ऑक्टोबर १९४३ मध्ये सिंगापुरात सुरू झाले, म्हणजे काळ तोच आणि समुद्रही तोच, पण बाजू वेगळी. इकडे ब्रिटिश साम्राज्याच्या बायका कैदेत होत्या आणि तिकडे त्याच साम्राज्याविरुद्ध आपल्या मुली बंदूक उचलत होत्या. पत्री सरकारच्या जिल्ह्यात हा प्रश्न निघणारच. आमचे एवढेच म्हणणे आहे की कैदेतील बाईचे हाल ऐकताना तिच्या देशाचे सरकार आपल्याशी कसे वागले, हे विसरण्याची गरज नाही आणि त्यामुळे तिचे हाल खोटेही ठरत नाहीत.

ते हस्तलिखित कागद आज कोठे आहेत?

एका डच गायिकेने, आंतोआनेत कोलाइन यांनी, आपली प्रत छावणीतून जपून आणली होती. ती १९८० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाला देण्यात आली. त्यानंतर कॅलिफोर्नियातील एका महिला गायकवृंदाने या रचना पुन्हा गायल्या आणि त्या जगभर पोहोचल्या.

हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या किंवा अजिबात न शिकलेल्या बायकांना हे गाता येईल का?

येईल, मात्र सवय बदलावी लागते. ख्याल शिकलेल्या गायिकेला स्वराला किंचित आंदोलन द्यावेसे वाटते, मींड घ्यावीशी वाटते, आणि चार भागांच्या गाण्यात ते केले की शेजारच्या भागाशी स्वर भांडतो. भजनी मंडळातील बायकांची अडचण निराळी असते. त्या मोकळ्या आवाजात सुंदर गातात, पण सगळ्या जणी हळूहळू एकाच चालीवर येऊन मिळतात. म्हणून प्रत्येक भागाचा सराव आम्ही वेगवेगळ्या खोलीत घेतो आणि ओळ पक्की झाल्यावरच सगळ्यांना एकत्र बसवतो. पहिल्या सरावांना मिरजेचा तंबोरा लावतो, कारण षड्ज पक्का झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. नंतर तो बाजूला ठेवतो, कारण खालचे स्वर बदलू लागले की तंबोऱ्याचा अखंड षड्ज त्यांना खटकतो. हार्मोनियमचा उपयोग फक्त आपापला सुरुवातीचा स्वर मिळवण्यापुरता. लांब स्वर धरताना सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर नाद तुटतो, म्हणून शेजारणींनी आळीपाळीने श्वास घ्यायचा असतो. पाश्चात्त्य स्वरलेखन यावेच लागते असे नाही, आम्ही चारही ओळी सरगममध्ये लिहून घेतल्या आहेत.

लहान मुलांना कार्यक्रमाला आणावे का?

आठवीच्या पुढील मुलांना अवश्य आणावे. निवेदनात राडजीच्या किनाऱ्यावरील हत्याकांडाचा उल्लेख आहे, त्यामुळे त्याहून लहान मुलांसाठी शाळांनी आधी कळवल्यास तो भाग वगळून छोटा कार्यक्रम करता येतो. त्यात मुलांना चार गटांत बसवून दोन ओळी गायलाही शिकवतो. आयोजकांना एकच विनंती आहे : हे गाणे ध्वनिक्षेपकाशिवायच गायचे असते, तेव्हा मंगल कार्यालयाऐवजी शाळेचा वर्ग, मंदिराचा सभामंडप किंवा वाड्याची ओसरी अशी पन्नास-साठ माणसांची जागा पाहावी आणि गाणे चालू असताना पंखे बंद ठेवण्याची तयारी असावी.